पेल्टन व्हील आणि म्हातारा पल्सर

खोपोलीत राहणाऱ्याला पेल्टन व्हील शिकवावं लागत नाही म्हणतात. (आम्हाला शिकवावं लागलं, आणि तरीही वायव्हात आमची दांडी उडाली ती गोष्ट वेगळी!) १९१५ पासून टाटांचं वीजघर आपल्या गावात आहे. घाटावरच्या तलावांचं पाणी पाइपांतून सुमारे पाचशे मीटर खाली येतं, नोझलमधून सुटतं, चाकाच्या बकेट्सवर आदळतं आणि काम आटोपलं की पाताळगंगेला मिळतं. हे चित्र जरा डोळ्यांसमोर ठेवा, पुढे लागणार आहे.

तर झालं असं की, एका रात्री लाइट गेली म्हणून आम्ही होस्टेलच्या गच्चीवर बसलो होतो. विषय निघाला पल्सरचा. मी ज्युनियर्सना ऐटीत सांगत होतो: मोठा तारा स्फोट होऊन मरतो, मागे उरतो न्यूट्रॉन तारा. वजन सूर्याच्या दीडपट, पण व्यास एवढाच की खोपोलीहून निघालात तर कर्जतच्या थोडं पुढे संपेल. तो भोवऱ्यासारखा फिरतो, रेडिओ लहरींचा झोत दीपगृहासारखा फिरवतो, आणि वय वाढेल तसा मंदावतो. १०५४ साली दिसलेल्या स्फोटातला क्रॅब पल्सर अजून तरुण, म्हणून सेकंदाला तीस फेऱ्या मारतो. म्हातारे सेकंदाला एखादी, आणि शेवटी गप्प.

त्यावर एका फर्स्ट इयरवाल्यानं विचारलं, "मग सगळ्यात वेगवान पल्सर सगळ्यात म्हातारे कसे?" मी गप्प. खालून मेसची घंटा झाली म्हणून सुटलो. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर.

हा प्रश्न १९८२ मध्ये मोठमोठ्यांनाही पडला होता. त्या वर्षी अरेसिबोच्या दुर्बिणीतून सेकंदाला ६४२ फेऱ्या मारणारा पल्सर सापडला. डोनाल्ड बॅकर यांच्या त्या चमूत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते, तेव्हा ते विद्यार्थीच होते! एवढा वेग म्हणजे ताऱ्याच्या विषुववृत्तावरचा बिंदू सेकंदाला सुमारे चाळीस हजार किलोमीटर धावतोय. तो तरुण असता तर भोवती स्फोटाचे अवशेष दिसले असते आणि वेगही भराभर कमी झाला असता. दोन्ही नव्हतं. म्हणजे तारा जुनाच, पण कुणीतरी त्याला पुन्हा फिरवलेलं.

कुणी? बंगळूरचे राधाकृष्णन आणि श्रीनिवासन यांनी, आणि स्वतंत्रपणे अल्पार व त्यांच्या सहकाऱ्यांनी, एकच उत्तर दिलं: जोडीदारानं.

जोडताऱ्यातला मोठा तारा आधी मरतो, त्याचा पल्सर होतो आणि थकून गप्प बसतो. पुढे कोट्यवधी वर्षांनी दुसरा तारा म्हातारा होऊन फुगतो. जोडी जवळची असेल तर त्याचा बाहेरचा वायू पल्सरच्या ओढीच्या हद्दीत सांडू लागतो. आता आपलं वीजघर आठवा. पाणी चाकाच्या मध्यावर सरळ मारलं तर चाक फिरेल का? ते स्पर्शरेषेतच लागलं पाहिजे. इथे नोझल नाही, पण वायू मुळात प्रदक्षिणा घालणाऱ्या ताऱ्यावरून आलेला असतो, म्हणून तो सरळ पडत नाही. आधी त्याची चकती बनते, आणि तिच्या आतल्या कडेवरून तो पल्सरच्या चुंबकीय क्षेत्राला ढकलतो. तेच बकेट! तापलेला वायू या काळात क्ष-किरण फेकतो.

किती वायू लागेल? कोनीय संवेगाचं गणित सेकंड इयरच्या मेकॅनिक्सवर होतं, करून बघा. सूर्याच्या वस्तुमानाचा साधारण दहावा हिस्सा पुरतो.

वेग वाढत वाढत कुठे थांबणार? पेल्टन व्हीलवरचा लोड काढला तर बकेटचा वेग फार तर जेटच्या वेगाजवळ जातो. त्यापुढे पाणी ढकलूच शकत नाही. इथेही तेच. चकतीच्या आतल्या कडेचा फिरण्याचा वेग आणि ताऱ्याचा वेग सारखे झाले की ढकलणं संपलं. चुंबकीय क्षेत्र जितकं दुबळं तितकी चकती ताऱ्याच्या जवळ येते, आणि जवळची कड जास्त वेगानं फिरते. म्हणून हे पुन्हा धावलेले पल्सर दुबळ्या क्षेत्राचेच असतात: साध्या पल्सरचं क्षेत्र एकावर बारा शून्यं गॉस, तर यांचं एकावर आठ. क्षेत्र नेमकं कसं दुबळं होतं यावर मात्र अजून वाद चालू आहेत.

कल्पना झकास, पण पुरावा? १९९८ मध्ये सेकंदाला ४०१ फेऱ्या मारणारा, चकतीवाला क्ष-किरण पल्सर सापडला. पण तोच तारा नंतर रेडिओ पल्सर होतो हे कुणी पाहिलं होतं? ते पाहिलं नसतं तर सगळी गोष्ट कागदावरच राहिली असती. २००९ मध्ये जे १०२३ या ताऱ्याचं पहिलं उदाहरण जाहीर झालं, २०१३ मध्ये दुसरं. तिसरं घाटापलीकडचं आहे.

नारायणगावजवळच्या खोडदला गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली जीएमआरटी आहे. प्रत्येकी ४५ मीटरच्या तीस डिश. नरतुरंग तारकासमूहातल्या एका जोडीची चकती २०१२ च्या अखेरीस नाहीशी झाली, क्ष-किरण मंदावले. वायू हटला असेल तर पल्सर बोलायला हवा! पुण्याच्या एनसीआरएच्या जयंत रॉय आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तिकडे कान लावला. काम सोपं नव्हतं. तारा ६.९ तासांत प्रदक्षिणा करतो, त्यामुळे डॉपलर परिणामानं ठोक्यांचं अंतर सतत बदलतं, आणि प्रदक्षिणेचा बराच काळ जोडीदाराच्या वायूमुळे आवाजच बंद. तरी ठोके सापडले: दर १.६९ मिलिसेकंदाला एक.

पुढे काय होतं हेही जीएमआरटीनंच दाखवलंय. २०१३ मध्ये जाहीर झालेला जे १५४४ हा पल्सर २.९ तासांच्या कक्षेतल्या जोडीदाराला आपल्या झोतानं उडवत चाललाय. अशांना कोळीण म्हणतात, नराला खाणारी. ज्यानं हात देऊन उठवलं त्यालाच खायचं! (रूममेट्सची नावं घेत नाही.) १९८२ चा तो पहिला पल्सर आज एकटाच आहे. त्यानंही हेच केलं असावं, असं बऱ्याच जणांना वाटतं.

आणि नरतुरंगातल्या आपल्या ताऱ्याचं प्रकरण मिटलं असंही समजू नका. जे १०२३ असाच शहाण्यासारखा रेडिओ पल्सर झाला होता, पण जून २०१३ मध्ये त्याची चकती परत आली आणि रेडिओ ठोके ऐकू येईनासे झाले. फर्स्ट इयरवाल्याशी माझी एका वडापावची पैज लागलीय: आपलाही पुन्हा गप्प बसणार. तो म्हणतो, नाही.