काळ खरेच धावतो आहे काय?

पारावर बसले की एक बोलणे हटकून कानी येते. "काळ लई धावायला लागला. आपल्याच्यानं काय त्याच्या मागं पळणं होत नाही." आम्हालाही तसेच वाटे. मग म्हटले, आधी मोजून तर पाहू.

प्रवास घ्या. पूर्वी नगरहून पुण्याला बैलगाडीने जायचे, तर वाटेत तीन-चार मुक्काम पडत. १८७८ साली दौंड-मनमाड रेल्वे नगरवरून सुरू झाली आणि दिवसांची वाट तासांवर आली. केवढी उडी ही! पुढे १ जून १९४८ ला पहिली एस. टी. धावली, तीही पुणे-नगर याच रस्त्यावर. आज रस्ता रुंद झाला, मोटारी वाढल्या. तरी पुण्याला जायला तीनएक तास लागतातच. म्हणजे मोठी उडी आपल्या पणजोबांनी पाहिली, आपण नव्हे.

निरोपाचे मात्र वेगळे. तार पूर्वीही झटकन येई. पण ती कधीमधी, आणि बहुधा वाईट बातमीची. कागद उघडण्याआधीच घरात रडू उठे, अन् वाचून घ्यायला मास्तरांकडे धावावे लागे. १९९५ साली आपल्या देशात मोबाईल आला. वीसएक वर्षांत तो मेंढक्याच्या खिशातही गेला. २०१३ साली तारखाते बंदच झाले. इथे काळ खरोखर धावला.

आता पाणी पाहा. प्रवरेवरचे भंडारदरा धरण बांधायला १९१० साली घेतले, ते १९२६ साली पुरे झाले. कालव्याखाली ऊस डोलू लागला. त्याला शंभर वर्षे होत आली. तरी पावसाने दगा दिला की आपल्याच जिल्ह्यात पाथर्डी-पारनेरच्या वाड्यावस्त्यांवर बायका टँकरची वाट पाहतात. टँकर निघाल्याचा फोन लगेच येतो. टँकर येईल तेव्हा खरा!

आणि लग्नाचे वय? १९२९ च्या कायद्याने मुलीचे वय १४ ठरले. ते १८ व्हायला १९७८ साल उजाडले. म्हणजे चार वर्षे वाढायला एकोणपन्नास वर्षे लागली. अजूनही कुठे कुठे चोरून बालविवाह होतातच.

तुमच्या घरी आजी असेल, तर तिला विचारा, "तुझं लगीन कितव्या वर्षी झालं?" मग तिच्या लेकीला विचारा, मग नातीला. तिन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहा.