लघवी लाल झाली तर लपवू नका

पोरगं सांगतं, "आई, लघवीला जळजळतंय." आई म्हणते, "उन्हाळी लागली," आणि धने-जिऱ्याचं पाणी देते. पाणी पाजणे चांगलेच. पण लघवीत रक्त दिसले, तर घरच्या उपायावर थांबता येत नाही.

आपल्याच राज्यात, रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात, लघवीतून रक्त जाण्याचे कारण एक कृमी निघाला. डॉ. गाडगीळ आणि डॉ. शहा यांनी १९५२ साली ही माहिती प्रसिद्ध केली. शिस्टोसोमा हे त्या कृमीचे नाव. तो अन्नातून पोटात जात नाही. रोग्याच्या लघवीतून त्याची अंडी पाण्यात पडतात. पाण्यातल्या बारीक गोगलगायींत पिल्ले वाढतात आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. पुढे ती मूत्राशयाजवळच्या रक्तवाहिन्यांत राहतात. म्हणून डुंबणारी मुले आणि पाण्यात उभे राहून राबणारे शेतकरी यांना हा रोग जास्त. इजिप्तमध्ये कालव्यांच्या काठी तो इतका होता, की मुलाची लघवी लाल झाली म्हणजे तो वयात आला, असे लोक समजत! खरे तर प्राझिक्वांटेल या औषधाने तो बरा होतो; वर्षानुवर्षे अंगावर काढला, तर मूत्राशयाचा कर्करोगही होऊ शकतो.

जालन्यात लघवीची जळजळ झाली, तर पहिला संशय या कृमीचा घ्यायचा नाही. इथे बहुधा जंतुसंसर्ग किंवा मुतखडा निघतो. मात्र जंतांचाही यात हात असू शकतो. रात्री मुलीच्या बसण्याच्या जागी खाज येते, सुतासारखे पांढरे जंत दिसतात. ते पुढे सरकले की लघवीच्या जागी आग होते, जंतुसंसर्गही होऊ शकतो. शाळेत व अंगणवाडीत मिळणारी जंताची गोळी चुकवू नका. असे जंत असतील, तर घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध घ्यायचे आणि दोन आठवड्यांनी पुन्हा, डॉक्टरांना विचारून.

दुसरे कारण आपण बोलत नाही. शाळेतले शौचालय घाण, म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. कापूस वेचणाऱ्या आणि ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बायाही आडोसा नाही म्हणून दिवसभर लघवी दाबतात. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढतात. हा दोष मुलींचा नाही, बायांचाही नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांनी शौचालयाच्या पाण्याचा आणि कडीचा प्रश्न विचारलाच पाहिजे.

मेडिकलवरून आपल्या मनाने गोळ्या आणू नका. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवी तपासून घ्या. सुरुवातीची धार सोडून मधली लघवी स्वच्छ डबीत धरायची. थंडी वाजून ताप आला, कमरेत कळ आली, किंवा मुलाचा चेहरा सुजून लघवी चहासारखी काळपट झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.