शांत डोंगर मेलेला असतोच असे नाही
(इटलीतील ज्वालामुखी)

वर्गमित्रांनो, आणि भित्तिपत्रक वाचायला थांबलेल्या पालकांनो,

भूगोलाच्या तासाला गुरुजींनी विचारले, "मृत ज्वालामुखी कोणता?" आम्ही चौघांनी एका सुरात सांगितले, "जो शांत आहे तो!" गुरुजी हसले. म्हणाले, "पाँपेई शहरातल्या लोकांनीही हेच उत्तर दिले असते." आमचे उत्तर कुठे चुकले, ते समजावे म्हणून हा लेख लिहिला आहे.

इटलीतच एवढे ज्वालामुखी का?

नकाशात भूमध्य समुद्रात बुटासारखा दिसणारा देश म्हणजे इटली. बुटाच्या टोकापुढे सिसिली बेट आहे. पृथ्वीचे कवच अखंड नाही, त्याचे मोठमोठे तुकडे आहेत. आफ्रिकेकडचा तुकडा आणि युरोपकडचा तुकडा यांची इटलीजवळ रेटारेटी चालते. तेथे खोल जमिनीत खडक वितळतो. त्याला शिलारस म्हणतात. तो वर येऊ लागला की त्यातले वायू सुटतात. सोड्याची बाटली हलवून उघडली की फसकन फेस येतो ना, तसेच ते. जमिनीबाहेर आलेल्या शिलारसाला लाव्हा म्हणतात.

तीन प्रकार

१. जागृत : ज्याचे उद्रेक चालू असतात किंवा वरचेवर होतात.
२. निद्रिस्त : जो पुष्कळ वर्षे शांत आहे, पण ज्याच्या पोटात उष्णता व शिलारस आहे.
३. मृत : ज्याला खालून होणारा शिलारसाचा पुरवठा कायमचा बंद झाला आहे.

वरून पाहिले तर दुसरा आणि तिसरा सारखेच दिसतात. दोघांवरही झाडे असतात, गुरे चरतात. खरी अडचण हीच आहे.

व्हेसुव्हियस : लोक फसले तो डोंगर

नेपल्स शहराजवळ व्हेसुव्हियस पर्वत आहे. दोन हजार वर्षांपूर्वी त्याच्या उतारावर द्राक्षांचे मळे होते. स्ट्रॅबो नावाच्या ग्रीक भूगोलकाराने माथ्यावरचे भाजल्यासारखे दगड पाहिले आणि लिहून ठेवले, की येथे पूर्वी आग असावी, पण जळण संपल्यामुळे ती विझली. एवढा विद्वान माणूस, पण तोही चुकला!

इ. स. ६२ मध्ये तेथे मोठा भूकंप झाला. लोकांनी पडलेल्या भिंती पुन्हा बांधल्या आणि ते कामाला लागले. डोंगर कूस बदलतोय हे कोणाच्याही ध्यानात आले नाही. इ. स. ७९ मध्ये डोंगर फुटला. राखेचा खांब आकाशात चढला, भरदिवसा अंधार झाला. आरमाराचा प्रमुख प्लिनी जहाजे घेऊन लोकांना वाचवायला गेला आणि तिकडेच मरण पावला. त्याचा सतरा वर्षांचा भाचा खाडीपलीकडून सारे पाहत होता. पुढे त्याने पत्रांतून ते लिहिले, म्हणून आज आपल्याला ते कळते.

पाँपेई शहर राखेखाली व हलक्या दगडांखाली गाडले गेले. १७४८ मध्ये तेथे खोदकाम सुरू झाले. रस्ते, घरे, दुकाने आणि भट्टीतले कोळसा झालेले पावसुद्धा सापडले.

व्हेसुव्हियसचा शेवटचा उद्रेक १९४४ मध्ये, दुसरे महायुद्ध चालू असताना झाला. तेव्हापासून तो शांत आहे. पण शास्त्रज्ञ त्याला मृत म्हणत नाहीत, निद्रिस्त म्हणतात.

एटना आणि स्ट्रॉम्बोली : जागे डोंगर

सिसिलीतील एटना सुमारे ३,३५० मीटर उंच आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच! १६६९ मध्ये त्याचा लाव्हा कातान्या शहराकडे निघाला. तेव्हा काही माणसे ओली कातडी पांघरून, लोखंडी पहारी घेऊन गेली आणि त्यांनी लाव्ह्याचा कडक झालेला काठ फोडला. लाव्हा दुसरीकडे वळू लागला. पण तिकडे पातेर्नो गाव होते! तिथले लोक धावून आले आणि काम बंद पडले. आपले गाव वाचवताना दुसऱ्याचे बुडवायचे का, हा प्रश्न तेव्हाही पडला होता. पुढे १९९२ मध्ये सुरुंग लावून लाव्ह्याची वाट बदलली आणि झाफेराना गाव वाचवले.

स्ट्रॉम्बोली हे समुद्रातले बेटच ज्वालामुखी आहे. साधारण दहा-वीस मिनिटांनी तो निखारे उडवतो. त्याचा उजेड रात्री दुरून दिसतो, म्हणून त्याला भूमध्य समुद्राचा दीपस्तंभ म्हणतात. जवळच व्हल्कानो बेट आहे. इंग्रजीतला 'व्होल्कॅनो' हा शब्द या बेटाच्या नावावरून आला.

खाली-वर होणारे गाव

नेपल्सच्या पश्चिमेला पोत्सुओली गाव आहे. ते डोंगरावर नाही, एका भल्या मोठ्या ज्वालामुखीच्या खोलगट तोंडातच वसले आहे. तेथील जुन्या रोमन बाजाराच्या तीन खांबांवर समुद्रातल्या शिंपल्यांनी पाडलेली भोके आहेत. म्हणजे ती जमीन एकदा समुद्रात खचली आणि पुन्हा वर आली. १९८२ ते १९८४ या काळात जमीन दीड मीटरहून जास्त वर उचलली गेली. १५३८ मध्ये तर जवळच आठवडाभरात एक नवी टेकडी तयार झाली. तिचे नावच 'नवा डोंगर' असे आहे.

खरोखर मेलेले

उत्तरेकडील पादुआ शहराजवळच्या युगॅनियन टेकड्या तीन कोटी वर्षांहून जुन्या आहेत. त्या ज्वालामुखीतून झाल्या, पण आता थंड आहेत. दक्षिणेकडचा व्हुल्तुरेही मृत धरतात. बोल्सेना व व्हिको येथे जुन्या ज्वालामुखींच्या खचलेल्या तोंडांत पाणी साठून तळी झाली आहेत. मात्र रोमजवळच्या अल्बान टेकड्यांना पूर्वी मृत म्हणत, आता निद्रिस्त म्हणतात. शास्त्रज्ञांनाही यादी बदलावी लागते!

मग ओळखायचे कसे?

वैद्य जशी नाडी पाहतो, तशी डोंगराची नाडी पाहावी लागते. १८४१ मध्ये व्हेसुव्हियसवर जगातील पहिली ज्वालामुखी वेधशाळा सुरू झाली. बारीक भूकंप किती होतात, जमीन फुगते का, कोणते वायू बाहेर पडतात, हे यंत्रांनी रात्रंदिवस मोजतात.

एवढा धोका असून लोक तेथे राहतात का? व्हेसुव्हियसच्या धोक्याच्या पट्ट्यात आजही लाखो लोक राहतात. एक कारण शेतकरी पालकांना लगेच पटेल : जमीन. राख व लाव्हा झिजून पुष्कळ काळाने कसदार माती होते. द्राक्षे, लिंबे, टोमॅटो छान पिकतात. शिवाय घरदार सोडून जाणे कोणाला सोपे आहे?

आता आपल्या पायाखाली बघा. घराच्या जोत्याचा काळा पाषाण हाही थंड झालेला लाव्हाच! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडे जमिनीच्या भेगांतून लाव्ह्याचे थरावर थर पसरले. सह्याद्रीच्या कड्यांत ते पायऱ्यांसारखे दिसतात. आपली काळी मातीही त्याच दगडाची आहे. हा ज्वालामुखी मात्र केव्हाच मेला, घाबरू नका.

तर मित्रांनो, गुरुजींनी पुन्हा विचारले तर उत्तर नीट द्या. जो शांत तो मृत नव्हे. ज्याच्या पोटात आता काहीच उरले नाही, तोच मृत.

सांगा पाहू!
१. इ. स. ६२ च्या भूकंपातून पाँपेईच्या लोकांनी काय ओळखायला हवे होते?
२. पोत्सुओलीच्या खांबांवर भोके कशी पडली?
३. १६६९ मध्ये तुम्ही पातेर्नोचे असता तर काय केले असते?