सही करण्याआधी जागेवर जा

साइट इंजिनिअर म्हणून रुजू झालीस, फार बरं वाटलं गं. आता ताईचं एक ऐक. हॉट वर्क परमिटवर, म्हणजे वेल्डिंगसारख्या ठिणगीच्या कामाच्या परवान्यावर, ऑफिसात बसून कधीही सही करू नकोस. मुकादम घाई करेल, "मॅडम, नुसती सही द्या, वेल्डर खोळंबलाय." तू फक्त म्हणायचं, "चला, जागा दाखवा."

तिथे गेलीस की आधी खाली बघ. ठिणगी दहा-अकरा मीटर सहज उडते आणि डक्टमधून, स्लॅबच्या भोकातून खालच्या मजल्यावर जाते. वर वेल्डिंग चालू आणि खाली रंगारी थिनरचा डबा उघडून बसलेला, असं हमखास घडतं. दोघांचंही काम चोख असतं. त्यांच्या वेळा वेगळ्या ठेवणं तुझ्या हातात आहे. थिनर, फोम, थर्माकोल, रिकामी पोती आधी हलव, भोकं झाकून घे. जवळ भरलेला एक्स्टिंग्विशर ठेव आणि लक्ष ठेवायला असा माणूस उभा कर, ज्याच्याकडे दुसरं काहीच काम नाही. वेल्डिंग थांबल्यावरही तासभर त्याला हलू देऊ नकोस. पोतं आतल्या आत धुमसतं आणि सगळे जेवायला गेले की पेट घेतं. म्हणून सुट्टीच्या तोंडावर परमिट द्यायचंच नाही.

पुण्यात मांजरीला २१ जानेवारी २०२१ रोजी काम चालू असलेल्या इमारतीला आग लागली, पाच कामगार गेले. अर्धवट इमारतीत माणूस फार असुरक्षित असतो गं. स्प्रिंकलर सुरू झालेले नसतात, फायर डोअर बसलेली नसतात, उघड्या डक्टमधून धूर सरसर वर चढतो. सुटायला उरतो तो जिना. त्यात टाइल्सचे खोके दिसले, की उभ्या उभ्या उचलायला लाव. मजले चढतील तसा आग विझवायच्या पाण्याचा उभा पाइप, म्हणजे रायझरही चढवून घे. तो शेवटी बसवू म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस.

आणि रोज सकाळी कुठल्या मजल्यावर कोण, किती जण, हे गेटवर लिहून ठेव. माणसं हलली की आकडा बदल. अग्निशमन दलाचा पहिला प्रश्न असतो, "आत किती जण आहेत?" त्याचं खरं उत्तर तुझ्या वहीत हवं.