‘अनईझी’ म्हणजे नेमके काय होते?

दवाखान्यात रोज चार-पाच पेशंट तरी खुर्चीवर टेकता टेकता म्हणतात, “डॉक्टर, जरा अनईझी वाटतंय.” त्यात कधी शाळेची पायरी न चढलेल्या आजी असतात, तशी कॉलेजातली मुलेही असतात. शब्द इतका रुळला आहे की तो इंग्रजी आहे हेही आपण विसरलो आहोत. पण या शब्दाने मला एकदा चांगलेच फसवले होते. म्हणून आज एखाद्या औषधाविषयी न लिहिता या एका शब्दाविषयी लिहितो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. साठी उलटलेले एक निवृत्त शिक्षक सकाळी दवाखान्यात आले. दहा-बारा वर्षांचा मधुमेह. “अनईझी वाटतंय. काल रात्री लग्नाचं जेवण झालं होतं,” एवढेच म्हणाले. बाहेर गर्दी होती. मी पोट तपासले, ब्लडप्रेशर पाहिले आणि अॅसिडिटीची गोळी लिहायला घेतली. तेवढ्यात त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, हे सांगायचे नाहीत, पण पहाटे ह्यांचा सदरा घामानं भिजला होता. छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटतंय म्हणत होते.”

मी पेन खाली ठेवले. “गुरुजी, हे आधी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं की! अनईझी वाटतंय म्हणून.”

ईसीजी काढला. हार्ट अटॅक होता. लगेच जिल्ह्याच्या ठिकाणी हलवले म्हणून गुरुजी वाचले. चूक त्यांची नव्हती. पुढचा प्रश्न न विचारणाऱ्या माझी होती.

आता शब्दाकडे वळू. ‘ईझ’ म्हणजे आराम, स्वास्थ्य. ते नसणे म्हणजे ‘अनईझी’. रोगाला इंग्रजीत ‘डिसीझ’ म्हणतात, त्यातही हाच ‘ईझ’ दडलेला आहे. आपला ‘अस्वस्थ’ शब्दही असाच आहे. स्वस्थ म्हणजे जो स्वतःच्या ठायी स्थिर आहे तो. ती स्थिरता ढळली की माणूस अस्वस्थ होतो.

पण वापरात फरक आहे. इंग्रज माणूस हा शब्द बहुधा मनाच्या अवस्थेसाठी वापरतो. मुलगा रात्री वेळेवर घरी आला नाही, कुणाच्या बोलण्यात काही काळेबेरे वाटले, की तो ‘अनईझी’ होतो. मळमळीसाठी, चक्करेसाठी त्यांच्याकडे वेगळे शब्द आहेत. आपण मात्र मनाची हुरहुर, पोटातली मळमळ आणि छातीतले दडपण या सगळ्यांना एकाच पिशवीत भरले आहे. मुलाकडे परदेशी गेलेल्या आईवडिलांनी तर हे जरूर ध्यानात ठेवावे. तिथल्या डॉक्टरला नुसते ‘अनईझी’ म्हटले, तर तो त्याला मनाची काळजी समजण्याचा संभव आहे.

गंमत अशी, की आपल्या मराठीत यासाठी नेमके शब्द भरपूर आहेत आणि त्यातला एकेक शब्द डॉक्टरला वेगळी वाट दाखवतो. ‘मळमळतंय’, ‘उमासे येतात’ म्हटले की पोट, यकृत किंवा एखादे औषध आठवते. ‘घर फिरतंय’ म्हटले तर कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग तपासावासा वाटतो. ‘उठलं की डोळ्यापुढे अंधारी येते’ म्हटले तर ब्लडप्रेशर निजवून आणि उभे करून, असे दोन्ही वेळा पाहावे लागते. ‘धडधडतंय’ म्हटले की नाडी मोजायची. आणि ‘जीव घाबरा होतो, मनात काहूर माजतं’ हेही तितकेच खरे दुखणे आहे, ते सांगताना संकोच नको.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला एकाएकी थरथर, घाम आणि वखवखल्यासारखी भूक लागली, तर रक्तातली साखर उतरलेली असू शकते. ती ७० च्या खाली गेली की धोका असतो. शुद्ध असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये.

सगळ्यात महत्त्वाचे छातीचे. लंडनचे डॉक्टर विल्यम हेबर्डन यांनी १७६८ साली हृदयाच्या या दुखण्याचे वर्णन केले आणि त्याला ‘अंजायना’ हे नाव दिले. अंजायना आणि मनाच्या काळजीसाठी असलेला ‘अँग्झायटी’ हा शब्द, या दोहोंचे मूळ लॅटिनमधल्या गळा आवळण्याच्या क्रियेत आहे. म्हणजे हृदयाचे दुखणे आणि जिवाची घालमेल यांची गल्लत काही आजची नाही!

हार्ट अटॅकमध्ये प्रत्येक वेळी जोराची कळ येतेच असे नाही. विशेषतः मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात नुसता दम लागणे, दरदरून घाम, मळमळ, एकदम गळून जाणे, जबड्यात, पाठीत किंवा हातात ओढ लागणे एवढेच दिसू शकते. छातीवर दडपण येऊन ते काही मिनिटांत थांबले नाही, किंवा वरची लक्षणे अचानक आली, तर सोडा-लिंबू, ओवा यांत वेळ घालवू नका. पेशंटला चालवू नका. १०८ वर फोन करून अॅम्ब्युलन्स मागवा आणि ईसीजीची सोय असेल तिथे न्या. पहिला ईसीजी चांगला आला तरी डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबा, कारण कधी कधी दोष दुसऱ्या-तिसऱ्या ईसीजीत दिसतो.

एरवी दवाखान्यात येताना चार गोष्टी मनाशी जुळवून या: नेमके कुठे होते, केव्हापासून, काय केल्याने वाढते आणि सोबत आणखी काय होते. तुमच्या घरात, तुमच्या आजीच्या तोंडी जो शब्द असेल तोच सांगा. ‘पोटात कालवतंय’ म्हटल्याने कुणी अडाणी ठरत नाही.

आणि घरच्या माणसाला जरूर सोबत आणा. गुरुजींच्या पत्नी त्या दिवशी आल्या नसत्या, तर मी अॅसिडिटीची गोळी देऊन त्यांना घरी पाठवले असते. तेव्हापासून कुणी ‘अनईझी’ म्हटले, की मी पेन खाली ठेवतो आणि विचारतो, “म्हणजे नेमकं काय होतंय? मराठीत सांगा.”