मागण्याच्या पोटातील अट
पाठ : हबक्कूक ३:१७–१८

आपल्या गोंदियाच्या धानपट्ट्यात रोवणीच्या वेळी पाऊस ओढ देतो, पऱ्हे पिवळे पडतात, आणि आपण प्रार्थनेस बसतो. मागणे योग्यच आहे. परंतु पाऊस न येता विश्वासच डळमळला, तर त्या मागण्याच्या पोटात अट होती असे समजावे.

पुणे जिल्ह्यातील केडगावच्या पंडिता रमाबाईंना आशा होती की, आपल्यामागे मुक्ती मिशनचा भार कन्या मनोरमाबाई वाहील. १९२१ साली मनोरमाबाईच निवर्तली. केवढा हा घाव! तरीही त्या वृद्ध मातेने बायबलाचे मराठी भाषांतर सोडले नाही. ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी ती प्रभूकडे गेली.

हबक्कूकही रिकामे शेत व गोठा लपवीत नाही. उपदेशकांनी हा भाग मंडळीत वाचावा, मग पावसासाठी प्रार्थना करावी.