वेल्डिंग : दिसतं तसं नसतं

फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनी एक बट जॉइंट आणि एक लॅप जॉइंट करून जर्नलवर सही घेतली आहे. (खरं तर ग्रुपमधल्या एकानेच केला आणि बाकीच्यांनी काच धरून पाहिला, हे आता कबूल करायला हरकत नाही.) त्या जर्नलच्या शेवटी 'वेल्डिंगमधील दोष' असं एक पान होतं. मीही ते सीनियरच्या जर्नलमधून जसंच्या तसं उतरवलं. पोरॉसिटी, स्लॅग, अंडरकट, क्रॅक... नावं पाठ, व्हायवात दोन मार्क पक्के. हीच नावं खऱ्या लोखंडात दिसली ती सेकंड इयरला, दिवाळीनंतर.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. काकांची ट्रॉली कापूस भरून जिनिंगकडे निघाली होती. चढावर ट्रॅक्टरने गिअर बदलला, झटका बसला आणि ट्रॉलीची दांडी, म्हणजे ट्रॅक्टरच्या हुकात अडकणारा पुढचा भाग, जोडातून सुटली. ट्रॉली मागे घसरत नालीत गेली आणि कलंडली. कापसावर आमचे सालदार बसले होते. मी त्यांना मामा म्हणतो, लहानपणी त्यांच्याच खांद्यावर बसून पोळा पाहिला आहे. मांडीचं हाड मोडलं, आत रॉड टाकावा लागला. तो सगळा हंगाम त्यांनी खाटेवर काढला.

काका एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "अरे, वेल्डिंग तं नवीनच होती. उन्हाळ्यातच मारून आणली. दिसाले कशी मस्त होती!"

मस्त होतीच. तुटलेला तुकडा मी पिशवीत घालून हॉस्टेलवर आणला. वरचा बीड एकसारखा, माशाच्या खवल्यांसारखा. आपल्या वर्कशॉपमध्ये त्याला पैकीच्या पैकी मिळाले असते. पण तुकडा उलटा करून तुटलेली बाजू पाहिली आणि ते उतरवलेलं पान डोळ्यासमोर आलं.

पट्टी १२ मिमी जाड. तिच्या तुटलेल्या तोंडावर गॅस-कटरच्या आडव्या रेषा जशाच्या तशा होत्या. म्हणजे पट्टी कापली त्या दिवशी जी कड होती, ती वितळलीच नव्हती. वरचा तीन-चार मिमीचा थर सोडला तर खाली दोन लोखंडं फक्त एकमेकांना टेकून बसली होती. याला म्हणतात अपुरं पेनिट्रेशन. १२ मिमीची दांडी समजून ओढत होतो, प्रत्यक्षात चार मिमीची ओढत होतो. शिवाय हे चार मिमी एका बाजूला, त्यामुळे ओढ सरळ न बसता जोड वाकवायची. आणि खालची न जुळलेली फट म्हणजे आयतीच क्रॅक. ताण सगळ्यात जास्त कुठे एकवटतो, तर अशा टोकदार फटीच्या टोकाशी.

जुळलेल्या भागातही दोन रंग होते. एक पट्टा तपकिरी, गंजलेला, आणि उरलेला भाग ताजा, करडा, चमकणारा. हे मला सरांनी समजावलं. गंज एका दिवसात चढत नाही. म्हणजे तेवढी क्रॅक आधीच उघडलेली होती, पावसाळ्याचं पाणी पिऊन बसली होती. प्रत्येक खड्ड्याला, प्रत्येक ब्रेकला ती केसभर पुढे सरकत गेली. याला फटीग म्हणतात. चढावरच्या झटक्याने फक्त शेवटचा ताजा भाग तोडला.

असं का झालं, ते मिस्त्रींना विचारायला मी गेलो तेव्हा मनात राग होता. परत आलो तेव्हा तो कमी झाला होता. १२ मिमीच्या पट्टीला दोन्ही कडा घासून साधारण ६० अंशांची व्ही करायला हवी आणि खाली दोन-तीन मिमी फट ठेवायला हवी, म्हणजे रॉड तळापर्यंत पोचतो. हे मिस्त्रींना माहीत होतं. पण काका समोर उभे होते. "मार लवकर, वावरात जाचं हाय," असं म्हणत होते. रंगही खरवडला नाही. वरून संध्याकाळची वेळ, व्होल्टेज पडलेलं. ३.१५ मिमीच्या रॉडला साधारण ९० ते १३० अँपिअर लागतात. साध्या ट्रान्सफॉर्मर मशीनला आत व्होल्टेज कमी आलं की बाहेर करंटही कमी मिळतो. अशा वेळी रॉड वितळून वर बसतो, पण खालचं लोखंड पुरेसं वितळत नाही. मेणबत्तीचं मेण फरशीवर सांडावं तसं. गावाकडच्या किती वेल्डिंग अशा व्होल्टेजवर झाल्या असतील, विचार करा राजेहो.

आता बाकीचे दोष, पण त्यांच्या धोक्याच्या क्रमाने, कारण पुस्तकात सगळे एका ओळीत बसवलेले असतात आणि सगळे सारखेच वाईट वाटतात. पोरॉसिटी, म्हणजे वायूची बारीक छिद्रं, दिसायला सगळ्यात वाईट. ओला रॉड, तेल, गंज, रंग, लांबलेला आर्क यांतून ती येते. पण छिद्र गोल असतं, त्यामुळे तिथे ताण तितका एकवटत नाही, आणि थोडी पोरॉसिटी बहुतेक कोड चालवून घेतात. स्लॅग आत अडकला तर तो काळ्या काचेच्या रेघेसारखा दिसतो. आधीच्या पासवरचा स्लॅग हातोडी आणि ब्रशने साफ न करता पुढचा पास मारला की हमखास. अंडरकट म्हणजे बीडच्या कडेला पट्टीतच पडलेली चर. करंट जास्त किंवा हात घाईचा. ती उथळ असली तरी झटके खाणाऱ्या जोडात फटीगची सुरुवात तिथूनच होते. फ्यूजन न होणं आणि क्रॅक हे खरे वैरी, कारण ते पात्यासारखे सपाट आणि धारदार असतात. क्रॅकला जवळपास कुठलाच कोड माफी देत नाही, ती कितीही लहान असो.

क्रॅकमधला एक प्रकार फसवा आहे. रॉडच्या कोटिंगमधला ओलावा आर्कमध्ये फुटतो, हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो आणि थंड होताना अडकतो. जोडाशेजारचा भाग कडक झालेला असेल तर काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी क्रॅक पडते. म्हणून जाड किंवा कडक पोलादाचा जोड ४८ तासांनी तपासतात. ट्रॉलीच्या माइल्ड स्टीलला हा धोका कमी. पण कमानपाटा तुटला म्हणून कोणी वेल्डिंग मारून आणतो आणि दुसऱ्या दिवशी बाजूलाच पुन्हा तुटतो, तिथे स्प्रिंग स्टीलमधला जास्त कार्बन नडतो, नशीब नाही. म्हणूनच ई७०१८ सारखे लो-हायड्रोजन रॉड वापरण्याआधी ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजतात. हा नियम ई६०१३ ला लावू नका. त्याच्या कोटिंगला थोडा ओलावा लागतोच, जास्त भाजला तर रॉड बिघडतो.

तपासणी म्हटलं की आपल्याला एक्स-रे आठवतो. पण सगळ्यात जास्त दोष पकडतात ते डोळे, आणि तेही आर्क पेटण्याआधी. कड घासली का, फट आहे का, रंग काढला का, रॉड कोरडा आहे का. काकांच्या दांडीचा निकाल तिथेच लागला होता. वेल्डिंगनंतर टॉर्च तिरका धरून पाहायचं आणि गेजने माप घ्यायचं. फिलेट वेल्डचा पाय ६ मिमी असेल तर घसा त्याच्या ०.७ पट, म्हणजे ४.२ मिमी, आणि जोराचा हिशोब घशावर होतो.

डोळ्याला न दिसणारी क्रॅक, पण पृष्ठभागावर उघडणारी, शोधायला डाय पेनिट्रंट. तीन डबे असतात: क्लीनर, लाल पेनिट्रंट, पांढरा डेव्हलपर. जागा साफ करायची, लाल फवारून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, वरचं पुसून घ्यायचं, मग पांढरा पातळ थर. क्रॅकमध्ये शिरलेला लाल रंग वर शोषला जातो. पुसताना क्लीनर सरळ जोडावर फवारला तर क्रॅकमधला रंगही धुऊन निघतो, म्हणून तो कापडावर घ्यायचा. ही चूक मी दोनदा केली. लोहचुंबकीय धातूला मॅग्नेटिक पार्टिकल पद्धत चालते, ती पृष्ठभागाखालचं थोडंफारही दाखवते. पण आमच्या दांडीचा दोष तळाशी, आत होता. तिथे हे दोन्ही उपाय वरून लंगडेच. आत पाहायचं तर अल्ट्रासोनिक किंवा रेडिओग्राफी. साइटवर रेडिओग्राफीसाठी बहुधा इरिडियम-१९२ वापरतात. त्याचं अर्धआयुष्य सुमारे ७४ दिवस, म्हणून सोर्स सारखा बदलावा लागतो. वाशीची 'ब्रिट' ही संस्था ते पुरवते. फिल्मवर स्लॅग आणि छिद्रं छान दिसतात, पण तिरकी, बारीक क्रॅक सुटू शकते. तीच अल्ट्रासोनिकला चांगली सापडते, कारण सपाट भिंतीवरून आवाज परत येतो.

हे सगळं आपल्याच जिल्ह्यात रोज लागतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा-कळंब टप्पा सुरू झाला. शकुंतलेचे रूळ फिशप्लेटने जोडलेले, म्हणून तिचा तो खटक-खटक आवाज. आजच्या मार्गांवर लांबच लांब रूळ वेल्ड केलेले असतात आणि जागेवरचे जोड थर्मिट पद्धतीने होतात: लोहाचं ऑक्साइड आणि अ‍ॅल्युमिनियमची भुकटी पेटवून. असा रूळ आकुंचन पावू शकत नाही, तो अडकवलेला असतो. दर अंश तापमान उतरलं की त्यात सुमारे २.४ मेगापास्कल ताण वाढतो. समजा रूळ ४० अंशांवर बांधला आणि डिसेंबरच्या पहाटे तो १० अंशांवर आला, तर ७२ मेगापास्कलची ओढ गाडी येण्याआधीच जोडावर असते. म्हणून जोडांवर अल्ट्रासोनिक ट्रॉली फिरवतात आणि थंडीत रात्री गस्त असते.

सरांनी मला आणखी एक प्रकरण वाचायला दिलं. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात 'अलेक्झांडर किलंड' हा तरंगता प्लॅटफॉर्म उलटला. २१२ पैकी १२३ माणसं गेली. सुरुवात झाली ती एका आधाराच्या नळीवर हायड्रोफोनची बैठक बसवणाऱ्या ६ मिमी फिलेट वेल्डपासून. भार पेलणाऱ्या जोडांइतकं महत्त्व त्याला कोणी दिलं नव्हतं. तुटलेल्या तोंडावर रंगाचे अंश सापडले, म्हणजे कारखान्यात रंग मारला तेव्हाच क्रॅक तिथे होती. हे वाचून मी पिशवीतला तुकडा पुन्हा काढला आणि तपकिरी पट्टा कितीतरी वेळ पाहत बसलो. त्यांचा रंग, आमचा गंज.

पुढच्या सुट्टीत वर्गणी काढून पेनिट्रंटचे तीन डबे घेतले आणि गावी गेलो. काकांची दुसरी ट्रॉली उभी होती. दांडीचा जोड घासला, लाल मारलं, पुसलं, पांढरं मारलं. मामा कुबडी टेकवून शेजारीच उभे होते. पाच मिनिटांनी बीडच्या कडेला बोटभर लांब लाल रेघ उमटली. काका काहीच बोलले नाहीत. मामांनी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हे तं माह्या एक्स-रेतल्यासारखं दिसते."

मिस्त्रींनी तो जोड ग्राइंडरने तळापर्यंत उघडला, व्ही केली, सकाळी व्होल्टेज बरं असताना तीन पासमध्ये भरला आणि प्रत्येक पासनंतर स्लॅग काढला. अर्धा दिवस गेला. पैसे नेहमीच्या तिप्पट झाले, ते काकांनी घासाघीस न करता दिले. पहिला तुकडा आता आपल्या वर्कशॉपच्या रॅकवर, डावीकडून दुसऱ्या खणात आहे.